पागोट्यासकट

माणसांना जीभ बाहेर काढायला शिकवणं हा माझा धंदा होता, असं मी सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे वैद्य होतात की काय?" वैद्य नव्हतो. भुसावळच्या कॅथलिक देवळात चाकरीला होतो. घंटा वाजवायची, मेणबत्त्या लावायच्या, फादरांचे झगे इस्त्री करायचे आणि नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांना देवळात वागायचं कसं ते शिकवायचं. गोव्याकडची मंडळी मला साक्रिस्तान म्हणत, रेल्वेतले गोरे-निमगोरे साहेब बॉय म्हणत, आणि बाजारातले लोक चर्चवाला. मी तिन्ही नावांना ओ देत असे.

ज्यांना या कामातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्या उपासनेला मिस्सा म्हणतात. तीत फादर गव्हाच्या पिठाची एक पातळ, पांढरी चकती घेऊन त्यावर प्रार्थना म्हणतात. तिला ओस्ती म्हणायचं. लोखंडी चिमट्यात पीठ ओतून चुलीवर ती मीच भाजत असे, त्यामुळे शनिवारपर्यंत माझ्या लेखी ते नुसतं पीठ. पण रविवारी फादरांनी प्रार्थना म्हटली की ते पीठ राहत नाही, प्रत्यक्ष प्रभूचं शरीर होतं, अशी आमची श्रद्धा आहे. मग ते घेताना माणसानं जपायला नको का? मध्यरात्रीपासून तोंडात अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. वेदीपुढच्या लाकडी कठड्याशी गुडघे टेकायचे, हात कठड्यावरच्या पांढऱ्या कापडाखाली घ्यायचे, डोळे मिटायचे, मान जरा मागे करायची आणि जीभ खालच्या ओठावर टेकवायची. फादर ओस्ती जिभेवर ठेवतात. ती चावायची नाही, आपोआप विरघळू द्यायची. एखादा कण खाली पडू नये म्हणून आमच्या फादरांचा आणखी एक हट्ट होता: मी त्यांच्या बरोबरीनं चालत प्रत्येकाच्या हनुवटीखाली एक पितळी ताटली धरायची. ती ताटली मी इतकी वर्षं धरली की भुसावळातल्या तमाम कॅथलिकांच्या हनुवट्या मला चेहऱ्यांहून चांगल्या ओळखू येत.

जीभ काढणं सोपं वाटतं, पण तसं नाही. कुणी सापासारखी टोक काढून लगेच आत घेई, कुणी दात आवळूनच बसे. एक मोठा गार्ड होता, पोटानं आणि आवाजानंही मोठा. तो जबडा असा उघडी की फादरांना घशातल्या गाठी दिसत. एक ड्रायव्हर मालगाडी घेऊन पहाटे खंडव्याहून येई आणि तसाच इंजिनावरून उतरून देवळात येई. भर वैशाखात, भुसावळच्या उन्हाळ्यात, रात्रभर भट्टीसमोर उभा राहून पाण्याचा घोट न घेतलेला माणूस. त्याची जीभ चामड्यासारखी कोरडी असे आणि ओस्ती तिला चिकटून बसे. मिस्सा झाली की मी विहिरीवर त्याच्यासाठी घागर भरून ठेवत असे. तो ती डोक्यावर ओतून घेई आणि मग उरलेलं पिई. अशा माणसाला भक्ती कशी करायची ते मी काय शिकवणार?

आपल्याकडच्या माणसांची अडचण वेगळीच होती. देवळात काही मिळतंय म्हटल्यावर त्यांचा उजवा हात आपसूक पुढे येई, डावा त्याच्याखाली. जन्मभर प्रसाद असाच घेतलेला. म्हाताऱ्या बायका तर पदराची ओटी पुढे करत. हात मागे घ्या, हात मागे घ्या, असं मला कानाशी पुटपुटत जावं लागे. त्या हात मागे घेत, पण चेहऱ्यावर असं येई की काहीतरी उद्धटपणा करावा लागतोय. मला त्यांचं चुकतंय असं कधी मनापासून वाटलं नाही.

आता आबाची गोष्ट सांगतो. खरं तर हा सारा लेख त्याच्यासाठीच लिहायला घेतला आहे.

आबा नरडाण्याकडचा, बोली अहिराणी. रेल्वेत गँगमन म्हणून लागला आणि बदली होत होत वरणगावच्या बाजूच्या गँगवर आला. रुळांकाठच्या झोपडीत राही. प्लेगच्या साथीत त्याची बायको आजारी पडली तेव्हा सारे सोयरे पांगले. गावाबाहेरच्या प्लेगच्या झोपड्यांत तिला पाणी पाजायला, तिची उलटी काढायला एकच माणूस जात होता, आमचे फादर. बाई गेली. आबानं नंतर वर्षभर काही केलं नाही, आणि मग एके दिवशी रूळ धरून चालत देवळात आला आणि फादरांना म्हणाला, "तुमना देव माले दाखाडा." मूळचं नाव दगडू. फादरांनी बाप्तिस्मा देताना पेत्रस ठेवलं आणि दोन्ही नावांचा अर्थ एकच म्हणून स्वतःशीच खूश झाले. आम्ही सगळे त्याला आबाच म्हणायचो, फादरसुद्धा.

फादर होते बर्फाच्या डोंगरांच्या मुलखातले. छातीपर्यंत दाढी, पायात जाड बूट, आणि मराठी थेट व्याकरणाच्या पुस्तकातलं. कुत्र्याला हाकलतानाही "आपण येथून जावे" म्हणत. मायाळू माणूस, पण नियम म्हणजे नियम.

आबाला ओस्ती घ्यायला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. वेदीमागच्या खोलीत मी प्रार्थना न म्हटलेली कोरी ओस्ती घेऊन त्याच्यासमोर उभा राहिलो. गुडघे टेकले, डोळे मिटले, सगळं ठीक. पण मी हात तोंडाजवळ नेला की त्याचे ओठ मिटत. पुन्हा नेला, पुन्हा मिटले. "आबा, लाजतोस काय?" मी विचारलं. तो डोळे न उघडताच म्हणाला, "माय गई तवयपासून कोन्ही मना तोंडमा घास घाला नही, भाऊ. तोंड आपोआप मिटस." मग त्यानं जरा श्वास घेतला आणि तोंड उघडलं, आणि मी त्याला ती कोरी ओस्ती दिली. मी तेव्हा पंचविशीतला आणि तो माझ्या बापाच्या वयाचा. मी उगाच मेणबत्त्यांची काजळी काढायला लागलो.

जीभ जमली. अडलं ते पागोट्यावर.

आमच्यात नियम असा की बायकांनी डोकं झाकावं आणि पुरुषांनी उघडं ठेवावं. साहेबलोक दारातच हॅट काढत आणि बूट घालून थेट कठड्यापर्यंत जात. आबा वहाणा बाहेर लांब, चिंचेखाली काढी आणि पागोटं घालून आत येई. मागे जमिनीवर बसलेला असेपर्यंत कुणाचं लक्ष गेलं नाही. पण नाताळात त्याला पहिल्यांदा प्रभुभोजन, म्हणजे खरी ओस्ती, मिळायचं ठरलं, आणि फादरांनी त्याला बोलावून सांगितलं, "आबा, आपण आपले मस्तक उघडे करावे. प्रभूसमोर पुरुषाने मस्तक झाकू नये."

आबानं त्यांच्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाला, "माय-बाप मरतस तवय मानूस डोकं उघडं करस, फादर. मना देव मरेल शे का?"

फादरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं आपल्याला नीट कळलं नाही. मी समजावून सांगितलं की इकडे भरल्या घरात कुणी बोडक्या डोक्यानं जात नाही, ते अशुभ, अपमानाचं. मोठ्या माणसासमोर जाताना तर पागोटं नीट बांधूनच जायचं. फादर म्हणाले, "ते जगाच्या घरी. हे प्रभूचे घर आहे." त्यांचीही अडचण मला दिसत होती. तो मोठा गार्ड आणि पुढच्या बाकांवरची मंडळी आधीच कुरकुरत होती, की आम्ही हॅट काढायची आणि गँगमननं मुंडासं घालून बसायचं हा कुठला न्याय. आबा एवढंच म्हणाला, "मी नाताळले येसू. देवना मनमा उनं तं तो दी."

नाताळच्या सकाळी तो आला. मध्यरात्रीच निघून, चालत, उपाशी. पागोटं धुऊन, घट्ट बांधलेलं. कठड्याच्या अगदी टोकाला, पांढऱ्या कापडाची कड जिथं संपते तिथं त्यानं गुडघे टेकले. मी फादरांबरोबर ताटली घेऊन सरकत होतो. त्याच्यापाशी आलो, सवयीनं ताटली त्याच्या हनुवटीखाली धरली. त्यानं डोळे मिटलेले, जीभ मी शिकवली तशी बरोबर. फादर थांबले. त्यांच्या बोटांत ओस्ती होती. त्यांनी पागोट्याकडे पाहिलं, मान हलवली आणि वळून परत वेदीकडे गेले. ताटली मला काढून घ्यावी लागली. तो तसाच, डोळे मिटून, जीभ काढून, वाट पाहत राहिला. शेवटी त्याला कळलं तेव्हा त्यानं तोंड मिटलं, क्रुसाची खूण केली आणि मागे जाऊन आपल्या जागी बसला.

मिस्सेनंतर मी विहिरीवर त्याला गाठलं. मी पाणी ओढून दिलं. भाकरी सोडता सोडता तोच माझी समजूत काढायला लागला. "पंगतमा एखादं पान चुकस, भाऊ. मी पुढली पंगतले बठसू."

त्यानंतर दर रविवारी तो आला, पण कठड्याशी आला नाही. फादरही त्याच्याशी नेहमीसारखे बोलत, झोपडीवर जाऊन ताप बघून येत. दोघांत भांडण असं नव्हतं. पण मिस्सेनंतर झगा उतरवताना एकदोनदा त्यांनी मला विचारलं, "आबा अजून मागेच बसतो काय?" ते त्यांना दिसतच होतं.

मग गुड फ्रायडे आला. येशूला क्रुसावर दिलं तो दिवस. त्या दिवशी लोकांना ओस्ती मिळत नाही. वेदी उघडी, मेणबत्त्या विझवलेल्या, घंटेऐवजी मी लाकडी खुळखुळा वाजवतो. सगळे रांगेनं येऊन क्रुसाच्या पायांचं चुंबन घेतात, आणि आमच्या विधीत असं आहे की सर्वांआधी फादर स्वतःचे बूट काढून, अनवाणी, तीनदा गुडघे टेकत क्रुसाकडे जातात. फादरांचे पाय गावकऱ्यांना वर्षातून तेवढेच दिसत. पांढरेफटक, नाजूक पाय, आणि दगडी फरशीवर चालताना ते बिचारे अडखळत.

मागून आबा उठला. मी त्याला ओळखलंच नाही. डोकं उघडं, तेही भादरलेलं. मिशा काढलेल्या. अंगावर नुसतं उपरणं. बाप गेल्यावर मुलगा जसा स्मशानातून परत येतो तसा तो चालत आला. पुढच्या बाकांवर तो मोठा गार्ड बसला होता, त्यानंही खाकरणं थांबवलं. आबानं क्रुसापुढे लोटांगण घातलं, पायांना डोकं लावलं आणि उठताना फादरांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. बाहेर पडल्यावर मला म्हणाला, "फादरना पाय उघडा व्हतात. म्हनजे त्यासले बी मालूम शे."

त्या संध्याकाळी फादर वेदीमागच्या खोलीत बूट हातात घेऊन बसले होते, घालायचे विसरून. "त्याने मिशा का काढल्या?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "सुतक आहे, फादर. आज त्याचा देव मेलाय." त्यांनी हातातले बूट खाली ठेवले. मग विचारलं, "मग हे सुतक फिटते केव्हा?"

"तुम्हीच सांगा," मी म्हटलं. "आपला प्रभू रविवारी उठतो ना?"

"आणि मग तो काय करील?"

"पागोटं बांधील. सुतक फिटलं की सोयरे नवं पागोटं आणून बांधतात. याला इथं सोयरं कुणी नाही, जुनंच बांधील."

फादर उठले, आत गेले आणि एक कापडाचा गठ्ठा घेऊन आले. त्यांच्या बहिणीनं मायदेशाहून पाठवलेलं मऊ, पांढरं कापड. मिस्सेसाठी नवा झगा शिवायचा म्हणून ते मी कित्येक महिने कापूर घालून जपलं होतं. फादर म्हणाले, "हे आपण त्याला नेऊन द्यावे. पागोट्यास पुरेल काय?" मी म्हटलं पुरेल, उभं फाडून जोडलं तर दोघांना पुरेल. ते पहिल्यांदा हसले आणि बूट घालायला लागले.

रविवारी, ईस्टरला, आबा वरातीला निघाल्यासारखा आला. पांढरं शुभ्र पागोटं, त्याच्या खाली नुकताच फुटलेला केसांचा करडेपणा. कठड्याशी तो टोकाला गेला नाही, मधोमध बसला. फादर आले, थांबले नाहीत, जिभेवर ओस्ती ठेवली आणि लॅटिनमधली प्रार्थना नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं म्हटली, पुढच्या बाकांना ऐकू जावी अशी. मोठ्या गार्डनं पुढचे चार रविवार रागानं भुसावळ सोडून दुसरीकडे मिस्सा ऐकली आणि पाचव्याला परत आला, कारण तिकडे म्हणे खुर्च्या वाईट होत्या.

त्यानंतर काही वर्षं सगळं सुखानं चाललं. आबा त्या पागोट्यात रविवारी कठड्याशी येई, फादर देत, मी ताटली धरी. नवे आलेले लोकही पागोटं घालून यायला लागले आणि कुणी काही म्हणेनासं झालं.

मग फादर गेले. धुळ्याकडच्या फेरीवरून ताप घेऊन परतले आणि आठवड्यात आटोपलं. मुंबईहून घाईघाईनं एक तरुण फादर आले, हुशार, चटपटीत, चांगले. त्यांनीच अंत्यविधीची मिस्सा म्हटली. आबा आला तो डोकं भादरून, मिशा काढून, उघड्या डोक्यानं. बापासाठी करतात ते सारं त्यानं केलं होतं. कठड्याशी गुडघे टेकून त्यानं ओस्ती घेतली. त्याच्या गालांवरून ओघळलेलं पाणी माझ्या ताटलीत टपकत होतं आणि मी ते पुसलं नाही.

मिस्सेनंतर झगा उतरवताना नवे फादर मला म्हणाले, "तो म्हातारा पाहिलात? किती नम्रपणे उघड्या डोक्यानं आला. बाकीच्या पागोटेवाल्यांना सांगा, असं यायचं असतं. पुढच्या महिन्यापासून आपण हा नियमच करू." मी त्यांना सगळं सांगितलं. नाताळ, गुड फ्रायडे, ते कापड. त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण म्हणाले, "जुन्या फादरांचं मन मोठं होतं. तरी नियम सगळ्यांना सारखा हवा. बघू." हा 'बघू' कुठला ते इतक्या वर्षांच्या चाकरीत मला कळत होतं.

तेराव्या दिवशी मी आबाच्या झोपडीवर गेलो. सोयऱ्यांनी बांधायचं असतं, आणि त्याला सोयरा मीच उरलो होतो. तेच पांढरं कापड त्यानं धुऊन वाळत घातलेलं होतं. मी त्याला पाटावर बसवलं आणि माझ्या हातानं पागोटं बांधलं. लोकांना जीभ काढायला शिकवणारा माणूस मी, मला पीळ धड बसवता येईना. तो खाली बसून सांगत होता, "आवळ, भाऊ, आवळ. ढिलं बांधेल पागोटं देवले आवडत नही."

रविवारी तो कठड्याशी आला. मी ताटली घेऊन नव्या फादरांबरोबर सरकत होतो, एक एक हनुवटी मागे पडत होती. आबाच्या हनुवटीखाली मी ताटली धरली. डोळे मिटलेले, जीभ बरोबर. नवे फादर थांबले. पागोट्याकडे पाहिलं. मग एक पाऊल पुढे टाकून ते शेजारच्या बाईपाशी गेले आणि ताटलीसाठी थांबले. ताटली आली नाही. मी ती आबाच्या हनुवटीखालून काढलीच नाही. फादरांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. चाकरीत असं कधी केलं नव्हतं.

"सुतक फिटलं, फादर," मी हळूच म्हणालो.

ताटलीशिवाय त्यांना पुढे जाता येईना, आणि मी तर हलेना. मग ते एक पाऊल मागे आले आणि त्यांनी आबाच्या जिभेवर ओस्ती ठेवली. पागोट्याचा नियम त्यांनी पुढे कधीच काढला नाही, आणि मला एका शब्दानं विचारलंही नाही.

मिस्सा झाल्यावर मी विहिरीवर गेलो. आबा आपलं पाणी स्वतःच ओढत होता. मला बघून त्यानं हनुवटी चोळली. डोळे मिटलेले असले तरी त्याला सगळं कळलं असावं.

"भाऊ, आज तुनी ताटली हनुवटीले लई टोचनी."

"टोचू दे," मी म्हटलं, आणि त्याच्या हातातला दोर घेऊन पाणी ओढायला लागलो.